उसाच्या जीन डेटात हिंडण्यासाठी टूल बनवायचंय, सुरुवात कुठनं करू?

ऊसपट्टा_कोडर

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचाच, इथंच एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे, मुख्यतः वेबसाईट आणि बिलिंगची कामं, पायथन आणि जावास्क्रिप्ट बऱ्यापैकी येतं. बायोलॉजी बारावीनंतर सुटली ती सुटलीच.

माझी आत्तेबहीण उसावर पीएचडी करतेय. विषय चाबूक काणी, म्हणजे तो बुरशीचा रोग ज्यात पोंग्यातनं काळा चाबकासारखा शेंडा बाहेर येतो, आपल्याकडं ज्यांचा ऊस आहे त्यांना वेगळं सांगायला नको. तिनं दोन जाती घेतल्यात, एक काणीला पटकन बळी पडणारी आणि एक टिकून राहणारी, दोन्हीत रोग लावलेली रोपं आणि न लावलेली रोपं, तीन वेगवेगळ्या वेळी नमुने काढले आणि प्रत्येकाचे तीन रेप्लिकेट (म्हणजे त्याच प्रकारचे तीन वेगळे नमुने), असे ३६ सॅम्पल झाले. आरएनए-सीक (कुठला जीन किती चालू आहे ते मोजायची चाचणी) बाहेरच्या एका कंपनीकडनं करून घेतलं. त्यांनी हार्डडिस्क पाठवली, त्यात ढीगभर कच्च्या फाईली, एक काउंटची फाईल (एक ओळ म्हणजे एक जीन, एक कॉलम म्हणजे एक सॅम्पल, आकडा म्हणजे त्या जीनचे किती तुकडे मोजले, जवळजवळ दोन लाख ओळी) आणि एक पीडीएफ रिपोर्ट, ज्यात रंगीत ग्राफ भरपूर आहेत पण ते नुसते चित्र, त्यातल्या एखाद्या ठिपक्यावर बोट ठेवून हा कुठला जीन असं विचारायची सोय नाही.

ताई म्हणते, "मला ह्या डेटात हिंडता आलं पाहिजे." एवढंच रिक्वायरमेंट. मी मनात असं आखलंय की लॉगिन, मग डॅशबोर्ड, वर चार-पाच आकड्यांचे डबे, खाली हीटमॅप (रंगीत चौकोनांचा तक्ता) आणि व्होल्कॅनो प्लॉट (कुठला जीन किती बदलला त्याचा ठिपक्यांचा ग्राफ), आणि एक चॅटबॉट ज्याला मराठीत विचारलं की उत्तर देईल. सर्व्हर क्लाउडवर घ्यावा म्हणतोय. हे बरोबर चाललंय का, आणि ह्या क्षेत्रातली माणसं टूलमध्ये नक्की काय शोधतात हे कुणी सांगेल का? पैशाचा विषय नाही, तिचं काम नीट व्हावं एवढंच.

---

जीनोमवाला_राजारामपुरी

भावा, पहिल्यांदा लॉगिन, डबे आणि चॅटबॉट तिन्ही बाजूला ठेव. गेली काही वर्षं मी पुण्यात हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये माणसाला काय पाहिजे ते आधीच ठरलेलं असतं, बिल काढायचंय, थकबाकी बघायचीय, म्हणून तू त्याच्या वाटा आखून देऊ शकतोस. संशोधनात तसं नसतं. ताई एक ग्राफ बघणार, त्यात काहीतरी वेगळं दिसणार, आणि तिथं तिला जो प्रश्न पडणार तो ना तिला आज माहीत आहे ना तुला. त्यामुळं टूलचं काम उत्तर देणं नाही, पुढचा प्रश्न लगेच विचारता येणं हे त्याचं काम. ह्यातनं माझ्या मते एकच नियम निघतो आणि बाकी सगळं त्याच्या मागनं येतं: स्क्रीनवर दिसणाऱ्या प्रत्येक ठिपक्यावरनं, प्रत्येक चौकोनावरनं, मूळ काउंटपर्यंत आणि तो काउंट ज्या सॅम्पलचा आहे त्या सॅम्पलपर्यंत जाता आलं पाहिजे. कंपनीच्या पीडीएफमध्ये नेमकं हेच नाही, म्हणून तर ताई अडून बसलीय. चॅटबॉटमध्ये पण हेच होणार बघ, तो म्हणणार अमुक जीन वाढला, आणि कशावरनं म्हणतोस विचारलं की दाखवायला काही नाही.

दुसरं. सॉफ्टवेअरवाल्यांना बेन श्नाइडरमन यांचा १९९६ चा नियम शिकवतात, आधी सगळ्याचं एकत्र चित्र दाखवा, मग झूम आणि फिल्टर, आणि तपशील मागितला तरच द्या. नियम चांगलाच आहे, पण बायोलॉजीवाली माणसं बऱ्याचदा उलट्या बाजूनं येतात. त्यांच्या डोक्यात आधीपासून एक-दोन लाडके जीन असतात, कुठल्यातरी पेपरात वाचलेले, आणि टूल उघडल्या उघडल्या तेच टाकून बघतात. २००९ मध्ये व्हॅन हॅम आणि पेरर यांनी मोठ्या ग्राफसाठी (म्हणजे जोडलेल्या ठिपक्यांच्या जाळ्यासाठी) हाच उलटा क्रम मांडला होता, आधी शोधा, मग आजूबाजूचं दाखवा, मग लागेल तसं वाढवा. यूसीएससी ह्या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाचा जीनोम ब्राउझर (जीनोम म्हणजे जिवाचा सगळा डीएनए, तो बघायची वेबसाईट) बघ, २००० पासून चालू आहे, जिम केंट यांनी बनवलेला, दिसायला आजही जुनाट, पण वर एक शोधायची चौकट आहे, त्यात जीनचं नाव टाका नाहीतर क्रोमोसोमवरची जागा टाका, दोन्ही चालतं, आणि खाली सगळी माहिती एकाच मापपट्टीवर एकाखाली एक येते. पंचवीस वर्षं लोक तो सोडत नाहीत त्याचं कारण हेच. तर तुझ्या पहिल्या पानावर मोठी सर्च असू दे, डबे नकोत.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऊस. हे बहुतेक तुला कुणी सांगितलं नसेल. माणसात प्रत्येक जीनच्या दोन प्रती, एक आईकडची एक बापाकडची. आपण लावतो तो ऊस म्हणजे उसाच्या दोन वेगळ्या प्रजातींच्या संकरातनं आलेला, शंभराच्या वर क्रोमोसोम, आणि एकेका जीनच्या साधारण आठ ते बारा प्रती, त्या पण एकमेकींपेक्षा किंचित वेगळ्या. पूर्ण जीनोम सुमारे दहा अब्ज अक्षरांचा, माणसाचा तीन अब्ज. इतकं किचकट असल्यामुळं कितीतरी वर्षं लोकांनी उसासाठी ज्वारीचा जीनोम (तो २००९ ला आला) संदर्भ म्हणून वापरला, कारण ती उसाची जवळची नातेवाईक. रीयुनियन बेटावर तयार झालेल्या आर५७० ह्या उसाच्या जातीचा नीट जोडलेला जीनोम २०२४ मध्ये आला. तुझ्या दोन लाख ओळी बहुतेक तिथनंच आल्यात.

मग टूलमध्ये काय अडतं? एका गल्लीत एकाच आडनावाची दहा घरं असावीत आणि पत्रावर नुसतं आडनाव असावं तशी गत होते. सिक्वेन्सिंगमधनं (जीनची अक्षरं वाचण्यातनं) येणारा छोटा तुकडा दहापैकी नक्की कुठल्या प्रतीचा हे बऱ्याचदा सांगताच येत नाही, सॉफ्टवेअर तो कुठंतरी टाकतं किंवा वाटून टाकतं. म्हणून एक ओळ म्हणजे एक जीन हे डिझाईन इथं फसतं. ताईनं एखादा जीन शोधला की दहा प्रतींचा गट एकत्र आला पाहिजे, वर गटाची बेरीज, खाली उघडलं की एकेक प्रत. ती बेरजेवर ग्राफ बघतेय की एका प्रतीवर हे सतत स्क्रीनवर लिहिलेलं पाहिजे. हे आधी केलंस तरच पुढचं कर.

---

पिपेट_आणि_मी

मी पण इथंच लॅबमध्ये आहे, उसावर नाही, दुसऱ्या पिकावर, पण आरएनए-सीकचं आमचं पण असंच झालंय. वरच्या दादांनी लिहिलंय ते पटलंच, मी लॅबच्या बाजूनं सांगते.

तुझ्या ताईला शेवटी काय करायचंय माहितीये का, ह्या दोन लाखातनं दहा-बारा जीन निवडायचेत, त्यांचे प्रायमर (एकेक जीन नेमका पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवायचेत आणि क्यूपीसीआर (एकेक जीन वेगळा मोजायची चाचणी) करून खात्री करायचीय. प्रायमरला पैसे लागतात, वेळ लागतो, गाईडला उत्तर द्यावं लागतं की हेच का घेतले. म्हणून एक जीन उघडल्यावर तिला पहिलं हे बघायचं असतं की तिन्ही रेप्लिकेट एकमेकांशी जुळतायत का. इथं कृपा करून बार ग्राफ देऊ नको! तीन आकड्यांचा बार काढला आणि वर ती एरर बारची काडी लावली की आत काय आहे ते दिसतच नाही, दोन रेप्लिकेट ५० वर आणि एक ९०० वर असला तरी बार झकास उंच दिसतो. २०१५ मध्ये प्लॉस बायोलॉजीत ह्याच विषयावर एक लेख गाजला होता, थोडे सॅम्पल असतील तर सगळे ठिपके दाखवा असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तीन सॅम्पल तर तीन ठिपके, आणि ठिपक्यावर कर्सर नेला की सॅम्पलचं नाव. मला एवढं जरी मिळालं असतं तरी माझं निम्मं काम वाचलं असतं.

दुसरं म्हणजे सॅम्पलची माहिती. जीनची माहिती सगळे घेतात, सॅम्पलची कुणी घेत नाही. कुठल्या दिवशी आरएनए काढला, कुणी काढला, किट कुठल्या लॉटचं, आरआयएन किती आला (तो १ ते १० मध्ये असतो, आरएनए किती शाबूत आहे ते सांगतो), कुठल्या बॅचमध्ये सिक्वेन्स झालं. हे बहुतेक तिच्या वहीत पेन्सिलीनं लिहिलेलं असणार. ते एका शीटमध्ये आणून टूलला जोड, आणि पीसीए प्लॉटवर (एकमेकांसारखे सॅम्पल जवळ दाखवणारा ठिपक्यांचा ग्राफ) रंग बदलायची सोय दे, जातीप्रमाणं रंग, रोगाप्रमाणं रंग, आणि आरएनए काढल्याच्या तारखेप्रमाणं रंग. तारखेचा रंग लावल्यावर जर ठिपके तारखेप्रमाणं गटात पडले तर तिचा निकाल काणीचा नाही, तारखेचा आहे, आणि हे प्रायमर मागवायच्या आधी कळलेलं बरं. पुढं पेपर पाठवताना डेटा एनसीबीआयला (अमेरिकेचं जैविक डेटा केंद्र) नाहीतर फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात जमा करायचा झाला तरी सॅम्पलची शीट लागतेच, तर काम वाया जाणार नाही.

आणि एक्सेल!! सॅम्पलला ३-२ असं नाव असेल, म्हणजे तिसरी वेळ, दुसरा रेप्लिकेट, तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. माणसाच्या जीनमध्ये सेप्ट२, मार्च१ अशी नावं होती, ती तारखा होऊन पेपरांच्या फाईलीत छापून आली, २०१६ च्या एका तपासणीत एक्सेलमध्ये जीनच्या याद्या जोडलेल्या जवळपास पाचातल्या एका पेपरात ही गडबड सापडली होती, आणि शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीनं जीनांचीच नावं बदलली. तर तू टूलमधनं फाईल बाहेर काढायला देशील तेव्हा आयडी अशा ठेव की एक्सेलनं हात लावला तरी मोडणार नाहीत. पुढं अक्षर लाव, आकडा-डॅश-आकडा असं नाव येऊच देऊ नको.

---

कशाला_नवं_काही

मला एक कळेना, हे सगळं तयार असताना परत कशाला बनवायचं? गॅलक्सी आहे (असला डेटा तपासायचं टूल), २००५ पासून, फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतं. काउंटची फाईल टाकायला आयडेप आहे, पीसीए, हीटमॅप, सगळं काढून देतं. जीनोमवर रीड (सिक्वेन्सिंगचे तुकडे) बघायचे तर आयजीव्ही, नाहीतर जेब्राउझ. ह्या मुलानं घरी बसून बनवलेलं टूल आणि वीस वर्षं शंभर लोकांनी घासून काढलेलं टूल ह्यात परीक्षक कुठल्यावर विश्वास ठेवणार? पीएचडीचा विषय आहे, उगाच प्रयोग नको.

---

जीनोमवाला_राजारामपुरी

@कशाला_नवं_काही तुमचा मुद्दा निम्मा शंभर टक्के बरोबर आहे. गणित स्वतः लिहायचं नाही. कुठला जीन खरंच बदलला हे डेसीक२ किंवा एजआर नं काढायचं, ती आर ह्या संख्याशास्त्राच्या भाषेतली पॅकेजं जगभर तपासलेली आहेत, थीसिसमध्ये त्यांचं नाव आणि व्हर्जन लिहायचं, परीक्षकाचा प्रश्न तिथंच मिटतो. कच्च्या फाईली बघायला आयजीव्हीच, ते पुन्हा बनवणं म्हणजे वेळ घालवणं.

पण उसाच्या प्रतींचा गट, ताईच्या वहीतली तारीख, तिनं निवडलेल्या जीनची यादी आणि त्यापुढं तिचा शेरा, हे सगळं एकत्र दाखवणारं तयार टूल मिळणं अवघड. तयार टूल सगळ्यांसाठी असतात, त्यामुळं माणूस आणि उंदीर ह्यांच्यासाठी गुळगुळीत चालतात आणि उसाला येऊन अडखळतात. तर ह्यानं बनवायचं ते फक्त वरचा थर, बघायचा आणि हिंडायचा. आतलं इंजिन जुनंच.

---

ऊसपट्टा_कोडर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. रविवारी ताईकडं जाऊन बसलो, काही न बोलता ती कशी काम करते ते बघत. खूप कळलं.

तिनं तीन एक्सेल शेजारी शेजारी उघडल्या होत्या. एकीत कंपनीनं दिलेली वाढलेल्या जीनची यादी, दुसरीत काउंट, तिसरीत कुठला जीन काय काम करतो त्याची माहिती. यादीतला आयडी कॉपी करायचा, दुसरीत कंट्रोल-एफ, आकडे बघायचे, परत कॉपी, तिसरीत कंट्रोल-एफ. जो आवडला त्याला पिवळा रंग. ज्याच्याबद्दल शंका त्याला केशरी. आणि वहीत डाव्या बाजूला आयडीचे शेवटचे पाच आकडे आणि उजव्या बाजूला "रेप ३ बघ", "टिकणाऱ्या जातीत आधीपासूनच जास्त?", "सरांना विचार" असं लिहिलेलं. मी विचारलं पिवळा का दिला ह्याला, तर तिला लगेच आठवेना, परत तिन्ही फाईली फिरून मग सांगितलं की रोग लावायच्या आधीच टिकणाऱ्या जातीत हा जास्त होता आणि लावल्यावर पण तेवढाच राहिला, म्हणजे कंपनीच्या यादीत तो "बदललेला" म्हणून येणारच नव्हता, तिनं काउंट चाळताना पकडला.

हे बघून माझा आराखडा पूर्ण बदलला. आता असं ठरवतोय: डावीकडं सर्च आणि तिची यादी, मधे एका जीनच्या ३६ ठिपक्यांचा ग्राफ, उजवीकडं तो जीन काय करतो ते आणि तिचा शेरा लिहायची जागा. पिवळा-केशरी तसंच ठेवणार, फक्त रंग दिला की कारण विचारणार.

अडचण दोन. एक, सगळ्या जीनचा एकत्र ठिपक्यांचा ग्राफ काढला तर ब्राउझर गळाठतो. दोन, हीटमॅपला कुठले रंग घेऊ? कंपनीनं लाल-हिरवा दिलाय.

---

कॅनव्हास_कट्टा

बायोलॉजीतलं मला काही येत नाही पण पहिली अडचण माझी आहे. तू डी३ नं (जावास्क्रिप्टची ग्राफ लायब्ररी) एसव्हीजी काढत असणार. एसव्हीजीत प्रत्येक ठिपका म्हणजे पानातला एक वेगळा घटक, दोन लाख घटक झाले की ब्राउझर मान टाकणारच. कॅनव्हासवर (सगळं एकच चित्र म्हणून) काढ, तरी कमी पडलं तर वेबजीएल (ग्राफिक्स कार्डाकडनं काढून घेणं), त्यात दोन लाख ठिपके काहीच नाहीत. फक्त निवडलेले ठिपके आणि त्यांची नावं वर एसव्हीजीच्या थरात ठेव म्हणजे क्लिक करणं सोपं जाईल. टेबल असेल तर डोळ्यांसमोरच्या पन्नासेक ओळीच काढायच्या, स्क्रोल केलं की बदलायच्या.

आणि क्लाउड कशाला रे? हिशोब कर. दोन लाख ओळी गुणिले ३६ म्हणजे ७२ लाख आकडे, एकेकाला चार बाईट धरले तर साधारण २९ एमबी. एवढं ब्राउझरच्या मेमरीत आरामात बसतं. जड आहेत त्या कच्च्या फाईली, आणि त्या ह्या टूलमध्ये लागतच नाहीत. सर्व्हर नाही म्हणजे लॉगिन नाही, महिन्याचं बिल नाही, आणि लॅबचं नेट गेलं तरी काम चालू.

रंगाचं: लाल-हिरवा सोड. तो मायक्रोअ‍ॅरेच्या काळातला आहे, तेव्हा जीन मोजायला वापरायचे ते दोन डायच (चमकणारे रंग) एक लाल एक हिरवा असायचे म्हणून तसे हीटमॅप रूढ झाले. ज्यांना लाल-हिरवा वेगळा ओळखता येत नाही, आणि पुरुषांत अशी माणसं बरीच असतात, त्यांना तो सगळा एकसारखा चिखलरंगी दिसतो. वाढ आणि घट दाखवायची तर निळा-केशरी घे आणि शून्य बरोबर मधे पांढऱ्यावर ठेव. नुसतं प्रमाण दाखवायचं तर विरिडिस (जांभळ्यापासनं पिवळ्यापर्यंतची रंगपट्टी), पायथनच्या मॅटप्लॉटलिब ह्या ग्राफ लायब्ररीनं २०१७ मध्ये २.० व्हर्जनपासून तोच डिफॉल्ट केलाय, काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये पण चढउतार कळतो. थीसिसची झेरॉक्स निघतेच कुठंतरी.

---

आकडेमोड

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. कोडर, तुमच्या ताईंनी तो "आधीपासूनच जास्त" असलेला जीन पकडला ते वाचून फार बरं वाटलं, असं डोळ्यानं चाळण्याला पर्याय नाही. पण त्याच जोडीला एक काळजी सांगतो, कारण चांगलं टूल झालं की हा धोका वाढतो.

दोन लाख जीन तपासले आणि पी व्हॅल्यूची (खरा फरक नसताना योगायोगानं एवढा फरक दिसायची शक्यता) मर्यादा ०.०५ ठेवली, तर खरा फरक एकाही जीनमध्ये नसला तरी नुसत्या योगायोगानं दहा हजारांच्या आसपास जीन "बदललेले" दिसतील. म्हणून १९९५ मध्ये बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांनी दिलेली सुधारणा वापरतात, डेसीक२ मधे सुधारलेली पी व्हॅल्यू म्हणून जो कॉलम येतो तो तोच. टूलमध्ये साधी पी व्हॅल्यू दाखवूच नका, सुधारलेलीच दाखवा. दुसरी गोष्ट, नुसतं "चौपट वाढला" असं दाखवू नका. एका काउंटवरनं चारवर गेला तरी चौपट आणि हजारावरनं चार हजारावर गेला तरी चौपट, पहिल्यात काही अर्थ नाही. चौपटीच्या शेजारी मूळ आकडा नेहमी दिसला पाहिजे. वरच्या साहेबांचा ठिपक्यावरनं काउंटपर्यंतचा नियम मला म्हणूनच अगदी योग्य वाटतो.

आणि तिसरं, फिल्टर. तुम्ही सरकपट्ट्या देणार, ताई त्या सरकवून बघणार, इकडची मर्यादा जरा कमी, तिकडची जरा जास्त, आणि मनासारखी यादी आली की थांबणार. माणूस प्रामाणिक असला तरी हे होतं. त्यावर उपाय सोपा: टूलनं प्रत्येक वेळची मर्यादा आपोआप नोंदवून ठेवायची, आणि यादी बाहेर काढली की तिच्या डोक्यावर ती मर्यादा, एकूण किती जीन तपासले, किती उरले आणि तारीख छापूनच यायची. डेटा चाळून सुचलेली कल्पना आणि नव्या नमुन्यावर तपासलेली कल्पना ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताई क्यूपीसीआर करणार आहेत, तर जमलं तर नव्यानं वाढवलेल्या रोपांवर करा, त्याच आरएनएवर केलं तर फक्त मशीनची खात्री होते.

---

राधानगरी_रान

जरा वेगळ्या डेटावर काम करतो, राधानगरी-दाजीपूर भागातल्या वनस्पतींच्या नोंदी, जुन्या हर्बेरियम शीट (वाळवलेली रोपं चिकटवलेले कागद) आणि नव्या जीपीएसच्या, पण वाचताना जाणवलं की दुखणं तेच आहे म्हणून लिहितो.

आमच्याकडं एका टूलमध्ये चुकीच्या नोंदी आपोआप गाळायची सोय होती. अक्षांश-रेखांश उलटे पडले तर कोल्हापूरची नोंद नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिकच्या समुद्रात जाते, ती टूल गाळतं, ठीक. पण १६ अंश ४२ मिनिटं ही कुणी १६.४२ अशी भरली असेल तर? बरोबर आकडा १६.७० आहे. नोंद तीसेक किलोमीटर दक्षिणेला सरकते, मुरगूडच्या बाजूला, तिथं पण जमीनच आहे, जिल्हा तोच, नकाशावर अगदी शहाण्यासारखी बसते आणि कुठलाच फिल्टर तिला पकडत नाही. ती पकडायची तर जुन्या शीटचा फोटो, त्यावरचं गावाचं नाव आणि नकाशावरचा ठिपका तिन्ही एका स्क्रीनवर आले पाहिजेत, मग माणसाच्या नजरेला खटकतं.

तर माझं सांगणं, गाळलेलं सॅम्पल किंवा गाळलेला जीन गायब करू नको. फिकट करून तिथंच ठेव आणि का गाळला ते लिही. ताईच्या वहीतलं "रेप ३ बघ" हे तेच आहे, ते सॅम्पल तिनं काढून टाकलं तरी परत आणून ग्राफ कसा बदलतो हे बघता आलं पाहिजे.

---

पिपेट_आणि_मी

@राधानगरी_रान हे फिकट ठेवायचं लई भारी सुचवलंत, आमच्या लॅबमध्ये एक सॅम्पल कधी काढलं आणि का काढलं हे आता कुणालाच सांगता येत नाही, काढणारी व्यक्ती पास होऊन गेली.

@ऊसपट्टा_कोडर आणखी एक मागते. ग्राफ सेव्ह केला की फाईलच्या नावात आणि चित्राच्या खाली बारीक अक्षरात जीन आयडी, बेरीज की एक प्रत, कुठले सॅम्पल धरले, कुठला जीनोम आणि त्याचं व्हर्जन, एवढं येऊ दे. गाईडना व्हॉट्सअ‍ॅपवर ग्राफ पाठवतो आपण, तीन महिन्यांनी तेच विचारतात हा कशाचा, आणि तेव्हा शोधायला बसावं लागतं.

---

ऊसपट्टा_कोडर

घेतलं, घेतलं, सगळं लिहून घेतलं. क्लाउड आणि लॉगिन रद्द. चॅटबॉट पण रद्द. प्रतींचे गट करायला ताईकडं कंपनीनं दिलेली एक फाईल आहे ज्यात प्रत्येक आयडीपुढं ज्वारीचा जवळचा जीन दिलाय, त्यावरनं गट केले तर चालतील का? आणि शेवटचा प्रश्न, तिची पीएचडी झाल्यावर हे टूल कोण सांभाळणार? मी नोकरी करून किती दिवस बघणार.

---

जीनोमवाला_राजारामपुरी

ज्वारीच्या जीनवरनं गट करणं ही चांगली सुरुवात आहे, उसात तसं करतात. फक्त दोन गोष्टी सांभाळ. काही ओळींपुढं ज्वारीचा जीन नसेलच, त्यांना एकेकटं राहू दे, जबरदस्तीनं कुठल्या गटात कोंबू नको, रोगाशी लढणारे जीन पुष्कळदा अशाच वेगळ्या पडलेल्यांत सापडतात. आणि काही गटांत वीस-तीस ओळी येतील, त्या नुसत्या प्रती नसतात, एकाच जीनची शेजारी शेजारी झालेली वाढ पण असते. अशा गटापुढं संख्या दाखव म्हणजे ताईला बेरजेवर किती भरवसा ठेवायचा ते कळेल. आर५७० चा जीनोम फायटोझोमवर (वनस्पतींच्या जीनोमची वेबसाईट) आहे, प्रत्येक आयडीला तिथली लिंक दे, तिला क्रोमोसोमवरची जागा बघता येईल. पुढं कधी स्वतः जागा दाखवायची झालीच तर एक लक्षात ठेव, जीनची जागा लिहायच्या फाईलींत बेड फाईल शून्यापासनं मोजते आणि जीएफएफ एकपासनं, दोन्ही एकत्र केल्यास तर एका अक्षराचा फरक पडतो आणि प्रायमर काढताना तो महागात पडतो.

सांभाळायचं म्हणशील तर जेवढं कमी तेवढं बरं. रोज अपडेट मागणाऱ्या दहा लायब्ररी नकोत. एक एचटीएमएल फाईल, शेजारी काउंटची फाईल, सॅम्पलची शीट, ताईच्या शेऱ्यांची फाईल आणि एक साधी वाचा-मला, ज्यात डेसीक२ चं व्हर्जन, जीनोमचं व्हर्जन आणि कुठल्या फाईलीतनं काय आलं ते लिहिलेलं. शेरे टूलच्या पोटात अडकू देऊ नको, साध्या सीएसव्हीत असू देत, टूल उद्या बंद पडलं तरी तिची मेहनत वाचता आली पाहिजे. आणि ब्राउझर एचटीएमएलला शेजारची फाईल अशीच वाचू देत नाही, तर फाईल निवडायचं बटण ठेव नाहीतर डेटा आतच भर, हे आधीच ठरव.

हे सगळं पेनड्राइव्हवर टाक आणि ताईच्या गाईडच्या केबिनमधल्या पीसीवर उघडून बघ. तो पीसी जुना असणार, त्याच्यावर उघडलं आणि सरांनी स्वतः एक जीन शोधून ठिपक्यावर क्लिक केलं, तर इथं येऊन सांग, पुढं हीटमॅपचं बघू.